काटा थरथरला नाही तेव्हा

मित्रांनो, सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या: मी भाजीवाल्याचा काटा नाही! कांदे-बटाटे मी आयुष्यात तोललेले नाहीत. परवाच एक आजोबा आले आणि हातातली टोमॅटोची पिशवी माझ्या ताटात ठेवून मोकळे झाले. म्हणे, दुकानदाराने फसवलंय का ते बघतो. अहो, मी बाळांचा वजनकाटा आहे, बाळांचा! आता वय झालंय माझं. पांढरा रंग जागोजागी उडालाय, आणि एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातल्याशिवाय मला सरळ उभं राहता येत नाही. पण गोष्ट सांगायला बसलो की माझ्या पोटातली स्प्रिंग अजून थुईथुई नाचते. आणि आजची गोष्ट तर अशी आहे की कधी एकदा सांगतो असं मला झालंय. तरी शहाण्यासारखं पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म एका छोट्याशा कारखान्यात झाला. पत्रा कापण्याचा, ठोकण्याचा आवाज तिथे दिवसभर चाले. माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, पोटावर गोल तबकडी लावली, तबकडीवर काळे आकडे, त्यांच्यावर फिरणारा लाल काटा, आणि सगळ्यांच्या वर बाळाला निजवायला एक खोलगट ताट. मग मला तपासायला एक बुटके कारागीर आले. त्यांना सगळे काका म्हणत. ते पितळी वजनं एकेक करून ताटात ठेवायचे, डोळे बारीक करून काट्याकडे बघायचे, स्क्रू जरासा पिळायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. इतर काटे भराभर खोक्यात जात होते आणि मी आपला तिथेच. मला तर रडू यायचं बाकी होतं. शेवटी त्यांचं समाधान झालं. माझ्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "खरं बोलायचं. समोरच्याला आवडो, नाहीतर न आवडो." माझं सगळं शिक्षण ते एवढंच.

तिथून मी आलो लहान मुलांच्या दवाखान्यात. बाहेर बाकं असलेली एक खोली, आत डॉक्टरीणबाईंची खोली, आणि तिला लागून दोन खाटांची आणखी एक खोली, जास्त आजारी बाळांसाठी. सगळीकडे फिनाईलचा वास. डॉक्टरीणबाई तेव्हा नव्या होत्या, मीही नवा होतो, आणि खरं सांगायचं तर दोघंही पहिल्या दिवशी घाबरलो होतो. घाबरल्या नव्हत्या त्या फक्त सिस्टर. दवाखान्यातलं सगळं काम त्याच बघायच्या: पट्टी बांधणं, औषध देणं, रांग लावणं, रांग मोडणाऱ्याला दटावणं आणि बाळांची वजनं करणं.

बाळाचं वजन करणं म्हणजे काय गंमत वाटली तुम्हाला? बटाटा गप पडून राहतो. बाळ राहतं होय! पाठ थंडगार ताटाला टेकली रे टेकली की पाय झाडतं, हात हवेत फेकतं, भोकाड पसरतं. माझा काटा बिचारा इकडून तिकडे नुसता पळत असायचा. सिस्टर एक हात बाळाच्या पोटापासून बोटभर वर धरायच्या, म्हणजे ते पडायला नको, आणि काट्याला म्हणायच्या, "थांब बाबा, थांब जरा." बाळ श्वास घ्यायला थांबलं की त्या क्षणात झर्रकन आकडा वाचायचा. ही त्यांची हातोटी. इतक्या वर्षांत त्यांचा आकडा चुकलेला मी पाहिला नाही.

आणि आकडा वाढलेला निघाला की काय सांगू! आयांचे चेहरे असे फुलायचे की बस. एका बाबांनी तर माझ्या तबकडीचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. माझा फोटो, मित्रांनो! बाळाचा अर्धाच पाय आला होता त्यात, मी मात्र पूर्ण आलो होतो. दोन जावांची बाळं एकाच दिवशी आली तर त्या एकमेकींशी गोड बोलायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायच्या. मी कुणाचीच बाजू घेत नसे. खरं तेच सांगायचो.

फक्त एका गोष्टीचा मला मनापासून राग यायचा. लोक बाळाला कपड्यांसकट ठेवायचे. टोपी, स्वेटर, पायमोजे, दुपटं, काय काय! सिस्टर सांगायच्या, कपडे काढा. तर म्हणे, एवढ्याशा कपड्यांनी असा काय फरक पडतो? अहो, बाळच एवढंसं असतं, मग फरक पडणारच की. पण गर्दीच्या दिवशी सिस्टरही दमायच्या आणि अंदाजाने कपड्यांचं वजन वजा करून पुढचं बाळ घ्यायच्या. मी जळफळायचो, पण मला तोंड कुठे होतं?

मग एक दिवस दवाखान्यात डिजिटल काटा आला. गुळगुळीत, निळे आकडे, बटण दाबलं की टुंग करून गाणारा. त्याची जागा आतल्या खोलीत. मला उचललं आणि बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवून दिलं. आधी माझ्या ताटात कापसाचे गुंडाळे आले, मग कुणाची तरी विसरलेली छत्री, आणि मग कायमचा मुक्काम ठोकला तो सिस्टरांच्या जेवणाच्या डब्याने. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू? ज्या ताटात बाळं हसली त्यात भाजी-पोळी बसावी! पण सवय काही जाईना. मी रोज तो डबा मनातल्या मनात तोलायचो. ज्या दिवशी डबा हलका, त्या दिवशी सिस्टर दुपारी चिडचिड्या असायच्या, हे मला दवाखान्यात सगळ्यांच्या आधी कळायचं.

अशी बरीच वर्षं गेली. आणि मग आली ती थंडी.

त्या थंडीत गावभर पोरांना उलट्या आणि जुलाब सुरू झाले. बाहेरची बाकं पुरेनात. जमिनीवर सतरंजी टाकावी लागली. आतला डिजिटल साहेब एकटा पुरा पडेना, तेव्हा एका सकाळी सिस्टर तरातरा माझ्याकडे आल्या, डबा उचलला, छत्री फेकली, ओल्या फडक्याने मला घसाघसा पुसलं, चावी फिरवून काटा शून्यावर आणला आणि म्हणाल्या, "चला, कामाला लागा." मित्रांनो, आनंदाने माझी स्प्रिंग अशी उसळली की काटा शून्याच्या पलीकडे जाऊन परत आला!

आता तो आजार कुठला ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्याचं नाव रोटा. हा एक विषाणू, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा पाहुणा. डॉक्टरीणबाई सांगायच्या, तो खूप मोठा करून पाहिला तर गाडीच्या चाकासारखा गोल दिसतो, आणि कुठल्याशा जुन्या भाषेत रोटा म्हणजे चाकच. नाव शोभतं हो त्याला! एका पोराच्या शीतून हाताला, हातातून खेळण्याला, खेळण्यातून दुसऱ्याच्या तोंडात, असा हा गरगर फिरत असतो. पोटात शिरला की ताप, उलट्या आणि पाण्यासारखे जुलाब.

पण खरी मेख पुढे आहे. हा एकच पाहुणा प्रत्येक वयाच्या घरात वेगळा वागतो. माझ्या ताटात सगळ्या वयाची बाळं येत, म्हणून मला ते दिसायचं. अगदी नवं, महिन्याच्या आतलं बाळ असेल तर आईकडून मिळालेलं संरक्षण त्याच्या अंगात असतं. पुष्कळदा रोटा येऊन जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. दोन-अडीच वर्षांचं पोर असेल तर त्याची आणि रोटाची आधी एखादी भेट झालेली असते. ते आजारी पडतं, आरडाओरडा करतं, कधी कधी चांगलंच आडवंही पडतं, पण त्याचं अंग निदान शत्रूला ओळखतं. सगळ्यात जपायचं ते मधलं वय. आईने दिलेलं संरक्षण ओसरत आलेलं, स्वतःचं अजून तयार झालेलं नाही, आणि अंगात पाण्याचा साठा तो केवढासा! रोटाची पहिली गाठ त्या वयात पडली तर तो अंगातलं पाणी बघता बघता पळवून नेतो. आणि बाळाला तर सांगताही येत नाही की मला तहान लागली आहे.

तर त्या थंडीतल्या एका सकाळी दवाखान्याचं दार धाडकन उघडलं आणि आवाज आधी आत आला. पाठोपाठ एक आत्या आली, तिच्या कडेवर अडीच वर्षांचा भाचा. घरी त्याला सगळे भोंगा म्हणत, आणि का म्हणत ते अख्ख्या रांगेला तिथल्या तिथे कळलं. आत्याच्या खांद्यावर त्याने उलटी केली होती. दुसरी करायच्या तयारीत होता. गालांवर अश्रूंच्या धारा, नाक वाहतंय, आणि तोंडाने सारखं, "पाणी दे! नको हे! मला घरी जायचं! पाणी दे!" त्यांच्या मागून त्याची आई आली. तिच्या खांद्यावर शालीत गुंडाळलेली आठ महिन्यांची धाकटी, टिकली. तिचा काही आवाजच नव्हता.

रांगेतल्या लोकांनीच भोंग्याला पुढे जाऊ दिलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं, पोट दाबलं, जीभ बघितली. आईने सांगितलं की कालपासून याने घर डोक्यावर घेतलंय, एक घास टिकत नाही, रात्री कुणाच्या डोळ्याला डोळा नाही. धाकटीलाही जरा जुलाब झाले, पण ती बापडी शहाणी आहे, पडून आहे, काही त्रास देत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिच्याबद्दलही विचारलं. पहिला प्रश्न त्यांचा नेहमीचा: शू होते का? कारण शू होते म्हणजे अंगात पाणी आहे. आई म्हणाली, भरपूर होते, डायपर जड होऊन लोंबतंय. खरंच लोंबत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग ठीक आहे, दोघांची वजनं करून घ्या, हिलाही लगेच बघते. एवढ्यात भोंग्याने त्यांच्या टेबलावर दुसरी उलटी केली आणि सगळेच त्याच्यामागे धावले.

आतल्या काट्यावर दुसरं बाळ होतं, म्हणून ही दोघं आली माझ्याकडे.

आधी भोंगा. त्याला बसवलं तर त्याने माझ्या ताटाच्या दोन्ही कडा धरून मला घोड्यासारखं हलवलं. काय ताकद त्या आजारी पोरात! माझा काटा पिसाळल्यासारखा धावत होता. सिस्टर "थांब बाबा" म्हणत राहिल्या. हे नक्की कुणाला म्हणताहेत, काट्याला की भोंग्याला, ते मलाही कळेना. शेवटी कसाबसा आकडा मिळाला. वजन घटलं होतं, पण थोडं. आत्या त्याला घेऊन कोपऱ्यात बसली.

मग टिकली. सिस्टर शाल सोडायला गेल्या तर आईने हात धरला. म्हणाली, थंडी आहे हो, आधीच आजारी पोर, उघडं नका करू, डायपरही आता घरी जाऊनच बदलते. रांग दारापर्यंत पोचली होती. सिस्टरांनी शाल तेवढी काढली आणि स्वेटर, झबलं, डायपर यांच्यासकट टिकलीला माझ्यावर ठेवलं.

काटा सरकला आणि साडेसाताच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला.

आईने हुश्श केलं. मागच्याच आठवड्यात इथे कपडे काढून वजन केलं तेव्हा साडेसात किलो भरली होती, आणि तो आकडा तिने भेटेल त्याला सांगितला होता. आता कपडे वजा करायचे हे त्या घाईत तिच्या डोक्यातच आलं नाही. ती कौतुकाने म्हणाली, "बघा, हिचं वजन तसंच आहे." सिस्टर मनात अंदाज बांधत होत्या, पण तेवढ्यात मागून कुणीतरी त्यांना हाक मारली.

आणि मी! मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! माझ्या ताटात पडलंय त्यात बाळ किती आणि बाकीचं किती, हे मला पक्कं कळत होतं. डायपर दगडासारखं जड होतं. आणि टिकली त्याच्यामानाने अशी हलकी, अशी हलकी, की माझा जीव गोळा झाला. मी आकडा अगदी बरोबर दाखवत होतो, केसाचाही फरक नाही, आणि तोच आकडा तिच्या आईची फसवणूक करत होता. काका म्हणाले होते, खरं बोलायचं. बोलत होतो की! पण अर्धं बाळाचं आणि अर्धं डायपरचं असलेलं ते खरं काय कामाचं? वाटलं, स्प्रिंग तोडून टाकावी, काटा वाकवावा, धडामकन खाली पडावं, पण यांना थांबवावं. आई हात पुढे करत होती. एकदा का पोर शालीत गेली की ती पुन्हा कोपऱ्यात निजणार आणि भोंग्याच्या गडबडीत तिच्याकडे कोण बघणार?

सिस्टर टिकलीला उचलायला वाकल्या आणि सहज बोलून गेल्या, "हिचा काटा बघा. थांब म्हणायलाही लागलं नाही. जिथे गेला तिथेच उभा."

आई म्हणाली, शहाणीच आहे ती.

आतल्या दारात डॉक्टरीणबाई हात पुसत उभ्या होत्या. त्यांचे हात पुसता पुसता थांबले. त्यांनी विचारलं, "काटा हलत नाही?"

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जिवाच्या आकांताने स्थिर उभा होतो. खरंच, मित्रांनो, इतक्या वर्षांत जागं बाळ माझ्यावर ठेवलंय आणि काटा थरथरला नाही असं कधी झालं नव्हतं. टिकलीचे डोळे अर्धे उघडे होते. थंड ताट पाठीला लागलं तरी तिने ना पाय झाडला, ना तोंड वाकडं केलं. ती शहाणी नव्हती हो. तिच्यात हलायचं त्राणच उरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई दोन ढांगांत माझ्यापाशी आल्या. "सगळं काढा. डायपरसुद्धा."

स्वेटर निघालं, काटा जरासा खाली. झबलं निघालं, आणखी जरासा. मग सिस्टरांनी डायपरच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या ओढल्या, ते खालून काढून घेतलं, आणि माझा काटा सुसाट खाली घसरला! सव्वासात ओलांडलं, सातही ओलांडलं, आणि पावणेसातावर जाऊन उभा राहिला. हुश्श! बोललो एकदाचा! आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली, कारण आईचा चेहरा मला समोर दिसत होता. तिने आकडा वाचला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सिस्टरांनी डायपर उघडून पाहिलं. आत पिवळसर पाणी भरलं होतं. त्यांनी वास घेतला आणि मान हलवली. "ही शू नाही. सगळा जुलाब आहे, नुसतं पाणी."

समजलं ना तुम्हाला? रोटाचा जुलाब इतका पातळ असतो की डायपर तो शूसारखाच पिऊन टाकतं. आईला वाटत होतं, डायपर जड आहे म्हणजे पोर भरपूर शू करतेय. डॉक्टरीणबाईंनी विचारलं ते बरोबर विचारलं, आईने सांगितलं ते मनापासून सांगितलं, मीही आकडा बरोबर दाखवला, आणि तरी सगळे मिळून चुकलो होतो. टिकलीचं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या डायपरमध्ये जाऊन बसलं होतं.

त्यानंतर जी धावपळ उडाली! डॉक्टरीणबाईंनी टिकलीच्या टाळूवरून बोट फिरवलं, टाळू खोल गेली होती. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती हळूहळू परत बसली. ओठ कोरडे. सगळ्या अंगातलं पाणी संपत आल्याच्या खुणा. त्यांनी तळपायाला टिचकी मारली तेव्हा टिकली एकदाची रडली, पण डोळ्यांतून एक थेंब आला नाही. भोंग्याच्या धारा आठवा! त्या धारा म्हणजे चांगली खूण होती आणि आम्ही त्याच बघून घाबरत होतो.

टिकलीला आतल्या खाटेवर नेलं. सलाईन लावायचं, पण अंगातलं पाणी गेलं की बाळाच्या शिराही दडून बसतात. एका हाताला मिळेना, दुसऱ्या हाताला मिळेना. मधली दारं उघडी होती आणि मला सगळं दिसत होतं. शेवटी पायाला शीर सापडली, आणि सलाईनचे थेंब पडायला लागले.

आई खाटेजवळ उभी राहून रडत होती. "मी मोठ्याकडेच बघत बसले. ही गप्प होती म्हणून मला बरं वाटत होतं."

डॉक्टरीणबाई तिला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मीही शू होते ऐकून पुढे गेले. आजार दोघांना एकच आहे. पण त्याला तहान सांगता येते, हिला येत नाही. म्हणून हिची तहान आपल्याला कळायला हवी." मग त्यांनी सांगितलं की रोटापासून जपणारे थेंब असतात, बाळाला पहिल्या काही महिन्यांत तोंडातून देतात, आणि ते वय उलटलं की मग देता येत नाहीत. भोंग्याला ते मिळाले होते, म्हणून आजारी पडूनही तो तगून होता. टिकलीच्या वेळी घर बदलायचं होतं, सामान हलवायचं होतं, आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहून गेलं. आईने मान खाली घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालं ते झालं, आता हिची शू झाली की मला हाक मारा, दुसऱ्या कुणाला बघत असले तरी मारा.

मग काय! अख्खा दवाखाना टिकलीच्या शूची वाट बघायला लागला. विश्वास नाही बसत? रांगेतल्या बायका दर थोड्या वेळाने विचारायच्या, झाली का? सिस्टर येता-जाता डोकावायच्या. इकडे कोपऱ्यात आत्याने भोंग्याला धरलं होतं. सिस्टरांनी जलसंजीवनीची पुडी उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळून दिली होती, आणि आत्या एकेक चमचा त्याला पाजत होती. पहिल्यांदा त्याने घटाघटा पेला रिकामा केला आणि सगळं बाहेर. आत्या थोडा वेळ थांबली, मग पुन्हा चमच्याने, हळूहळू. आता ते पोटात राहिलं. ऊन कलेपर्यंत भोंगा सतरंजीवर उभा राहून सगळ्यांना सांगत होता की माझ्या बहिणीच्या पायाला नळी लावली आहे.

आत टिकलीच्या डोळ्यांत जरा जरा जीव येत होता. तिने आईचं बोट धरलं. मग तोंड वळवून दूध शोधायला लागली. आईने तिला पदराखाली घेतलं, आणि ती चुटुचुटु प्यायला लागली तेव्हा सिस्टरांनी उगाचच खिडकीचा पडदा सरळ केला. पण शू मात्र नाही. डॉक्टरीणबाई पुन्हा येऊन टाळू चाचपून गेल्या. आईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि टिकलीला आणखी जवळ घेतलं. माझी तर स्प्रिंग तुटते की राहते असं झालं होतं.

खिडकीत अजून ऊन होतं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन करू या परत. सिस्टर विचारायला लागल्या, आतल्या काट्यावर घेऊ का? त्या म्हणाल्या, सकाळी ज्याच्यावर केलं त्याच्यावरच करू. मला उचलून आत नेलं, मित्रांनो! कित्येक वर्षांनी आतल्या खोलीत! पुठ्ठ्याची घडीही बरोबर आणली. आईने टिकलीचे कपडे स्वतःच्या हाताने काढले, एकदाही सांगावं लागलं नाही. सिस्टरांनी नळी सांभाळत तिला माझ्या ताटात निजवलं.

पाठीला थंड लागलं आणि तिने पाय झाडला! दुसराही झाडला! माझा काटा सातावरून उडाला, खाली आला, पुन्हा उडाला. ती भोकाड पसरून रडली आणि तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी जमलं. सिस्टर म्हणाल्या, "थांब बाबा, थांब जरा." मी कशाला थांबतोय! मी नाचत होतो.

आणि त्याच क्षणी माझ्या ताटात गरम गरम काहीतरी पसरलं.

ताटाच्या उतारावरून एक बारीक धार आली, कडेवरून माझ्या तबकडीवर ओघळली आणि सातच्या आकड्यावरून खाली टपकली. सिस्टरांनी फडकं उचललं, पण डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हात धरला आणि वाकून नीट बघितलं.

आईने अगदी हळू विचारलं, "ही शूच आहे ना?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शूच आहे."

आई हसायला लागली, रडायलाही लागली. सिस्टरांनी बाहेरच्या खोलीत जाऊन सांगितलं आणि तिथे बसलेल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्याने सगळ्यांत मोठ्याने वाजवल्या, कशासाठी ते त्याला माहीत नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं धाकटं भावंड असेल. ते आजारी पडलं आणि ओरडत असेल तर मोठी माणसं धावतीलच, त्यांना सांगावं लागणार नाही. तुम्ही हे बघा, की ते गप्प होतंय का. पाणी मागत नाहीये, रडतंय तर डोळ्यांत पाणी नाही, हलवलं तरी हलत नाही, असं दिसलं तर शहाणं आहे म्हणून सोडू नका, आईला हाताला धरून आणा. त्याचे थेंब वेळेवर द्यायला लावा, आज-उद्या करू देऊ नका. आणि दवाखान्यात गेलात, माझ्यासारखा एखादा जुना काटा तिथे दिसला, तर बाळाला त्याच्यावर उघडंच ठेवा. थंडी असू दे, रांग असू दे, डायपर काढा. मी भिजलो तरी चालेल.